हळदीचा पिवळा आणि हमालीचा रकाना

चित्र काढणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये मिक्स मीडियाबद्दल विचारणारी पत्रं जास्त आहेत. जलरंग, शाई, कागदाचे तुकडे, कापड, दोरा, हाताला लागेल ते एकाच चित्रात घ्यायचं, ही हौस आता शाळेतल्या मुलांपासून आर्ट कॉलेजपर्यंत सगळीकडे दिसते आणि मला ती मनापासून आवडते. पहिल्या पत्राला मी बरीच जागा दिली आहे. त्या मुलीनं विचारलेलं अनेकांच्या कामाचं आहे, आणि मी सांगलीचीच असल्यामुळे तिचा विषय माझ्याही जिव्हाळ्याचा आहे.

प्रश्न : आदरणीय बाई, मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे, इलस्ट्रेशन हा माझा खास विषय. प्रकल्प म्हणून हळदीवर बारा पानांचं चित्रपुस्तक करते आहे. माझे आजोबा सांगलीच्या मार्केट यार्डात हमाल होते, त्यांच्या आठवणींवरून गोष्ट बांधली आहे. चित्रांत मी हळदीचं पाणी, पोत्याचे तुकडे, घरात सापडलेल्या अडत्याच्या जुन्या पट्ट्या (शेतमाल विकल्याच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या), काळी शाई, ऑइल पेस्टल आणि वर्तमानपत्र वापरलं आहे. मैत्रिणींना फार आवडलं, पण आमचे सर म्हणतात, ‘पसारा झालाय.’ कुठे थांबायचं ते कसं कळतं? आणखी एक, पहिल्या पानावरचा पिवळा आत्ताच फिका दिसायला लागला आहे. चार पानांचे फोटो पाठवते. – एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आधी पिवळ्याचं बघू, कारण त्यात रोज थोडा रंग जातो आहे.

हळदीला रंग असतो तो कर्क्युमिनचा, आणि कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. हळदीचा डाग पडलेला सदरा आई धुऊन कडक उन्हात का टाकते, ते आठव. तुझ्या चित्रावर खिडकीतून येणारा उजेड तेच काम सावकाश करतो आहे. शिवाय कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पाण्यात कालवलेली पूड कागदावर नुसती बसून राहते, म्हणून तुझ्या दुसऱ्या पानावर बोटांचे ठसे उठले आहेत. हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून फडक्यातून गाळून घेतलीस तर रंग स्वच्छ उतरेल आणि कागदात मुरेल. स्पिरिट चटकन पेट घेतं, तेव्हा हे काम गॅसपासून लांब, उघड्या खिडकीजवळ करायचं. फिका मात्र तोही पडणार. किती पडतो हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कार्ट्रिजच्या, म्हणजे चित्रकलेच्या जाड कागदाच्या, एका पट्टीवर दोन्ही प्रकारचे हात मार, अर्धी पट्टी काळ्या कागदानं झाकून क्लिप लाव आणि आठ-दहा दिवस उन्हाच्या खिडकीत ठेव. काळा कागद काढलास की पुढचा निर्णय तुझा तुला घेता येईल.

पण म्हणून हळद सोडू नकोस. चित्रपुस्तकातलं चित्र अखेर छापण्यासाठी असतं, तेव्हा पान पूर्ण झालं की त्याच दिवशी, रंग ताजा असताना स्कॅन करून घे आणि मूळ चित्र फोल्डरमध्ये अंधारात ठेव. प्रदर्शनात भिंतीवर लावायच्या पानांना खालून टिकाऊ पिवळा दे, कॅडमियम यलो चालेल, आणि त्यावर हळदीचा हलका हात फिरव. हळद उडाली तरी पान पांढरं पडणार नाही.

एक प्रयोग तुझ्या पानांत कुठे दिसला नाही, तो जरूर कर. हळदीच्या वाळलेल्या हातावर धुण्याच्या सोड्याचं पाणी ब्रशनं लाव. पिवळा बघता बघता विटकरी तांबडा होईल. हळद आणि चुना मिळून पूर्वी कुंकू होत असे ते याच गुणामुळे. त्या तांबड्यावर लिंबाचा थेंब टाकलास तर तो परत पिवळ्याकडे वळतो. यार्डातून निघालेली हळद घरात येऊन कुंकू होते, हे तुझ्या गोष्टीतलं एक पान व्हायला हरकत नाही, आणि ते रंगवायला हळदीखेरीज दुसरा रंग लागणार नाही. हा तांबडाही फार काळ राहत नाही, तेव्हा स्कॅनरजवळच काम कर.

आता पसाऱ्याचं. सरांचं म्हणणं मला पटतं, आणि तुझ्या मैत्रिणींना आवडलं हेही मला पटतं. तुझ्या पानांत जीव आहे. पण चार पानांत मिळून पोतं मी सहा ठिकाणी मोजलं: आजोबांच्या पाठीवर, शीर्षकाच्या अक्षरांखाली, दोन कोपऱ्यांत, आभाळात आणि बैलगाडीच्या चाकात. पाठीवरचं पोतं बघताना माझा हात आपोआप मानेकडे गेला. शाईनं काढलेली ती वाकलेली पाठ आणि तिच्यावर खरं, खरखरीत, सुटलेल्या धाग्यांचं बारदान! तिथं पोतं आजोबांच्या अंगावर ओझं म्हणून येतं. कोपऱ्यांतलं पोतं मात्र नुसती सजावट आहे, आणि त्या सजावटीमुळे पाठीवरच्या ओझ्याचं वजन उतरतं.

म्हणून असं कर. प्रत्येक पानावरचा एकेक तुकडा पांढऱ्या कागदानं झाक आणि उरलेलं पान बघ. गोष्टीतलं काही गेल्यासारखं वाटलं तर तो तुकडा राहू दे. काहीच गेलं नाही, उलट बरं वाटलं, तर तो तिथून काढ. फेकू नकोस, दुसऱ्या पानाला लागेल. पाब्लो पिकासोनं 1912 साली वेताच्या खुर्चीची वीण छापलेला ऑइलक्लॉथ चित्रात चिकटवला आणि चित्राच्या कडेनं खरा दोर फिरवला. कोलाजच्या, म्हणजे तुकडे चिकटवून केलेल्या चित्रांच्या, इतिहासात ते चित्र पहिल्यांदा घेतलं जातं. त्यात बाहेरून आणलेल्या वस्तू दोनच आहेत, म्हणून त्या दोन्हींकडे नजर नीट जाते.

पट्ट्यांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. तुझ्या तिसऱ्या पानावर अडत्याची जुनी पट्टी आहे, तिच्यावर पेस्टलनं हळकुंडं काढली आहेत. फोटो मोठा केल्यावर त्या हळकुंडांच्या खाली मला छापील रकाने दिसले: अडत, तोलाई, हमाली. बाळ, तू ‘हमाली’ हा शब्द झाकून टाकला आहेस! शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होणारा तो छोटा आकडा म्हणजे तुझ्या आजोबांची मजुरी. सगळ्या पुस्तकात त्यांच्या कामाचा एवढा एकच लेखी पुरावा आहे. ते पान पुन्हा कर. हळकुंडं बाजूला घे आणि तो रकाना उघडा ठेव. वाचकाला बोट दाखवून सांगू नकोस, लाल गोल करू नकोस. ज्याला दिसेल त्याला दिसेल. मूळ पट्टी मात्र कापू नकोस. तिची कार्ट्रिज कागदावर झेरॉक्स काढ, शेतकऱ्याचं आणि पेढीचं नाव झाकून. झेरॉक्स किंवा लेझर प्रिंटवर पाणी फिरवलं तरी अक्षरं हलत नाहीत, इंकजेटची बहुतेक वेळा पसरतात. वर्तमानपत्राचंही हेच. त्या कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य राहिलेलं असतं, उजेडानं तो पिवळा आणि ठिसूळ होतो. त्याचीही झेरॉक्सच चिकटव.

बारा पानांत इतकी साधनं आली की पुस्तक पानापानाला वेगळं दिसायला लागतं. तुझ्याकडे ते बांधून ठेवणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे तुझी शाईची रेघ. जाड, थोडी थरथरती, मध्येच सुकलेली. मिरजेच्या मैफलीत तंबोरा जसा मागे सतत असतो तशी ती रेघ प्रत्येक पानावर असू दे. हळद, पोतं आणि पट्टी एवढीच तिच्या सोबतीला घे. पेस्टल मी काढून टाकीन. त्याचा पिवळा हळदीच्या पिवळ्याशी भांडतो आणि जिंकतो, कारण तो जास्त भडक आहे.

आणि हरिपूरला जाऊन ये. कृष्णा-वारणेच्या संगमापाशी, सांगलीला लागूनच आहे. हळद साठवायची जमिनीतली पेवं ही तिथली खासियत. तोंड अरुंद, आत पोट मोठं, खोल अंधार. त्यात हळद कीड न लागता वर्षानुवर्षं राहायची. 2005 च्या महापुरानं त्या पेवांचं फार नुकसान झालं. आजोबांच्या वयाच्या माणसांना विचार, पेव उघडायचं कसं, आतली कोंडलेली हवा जाऊ दिल्याशिवाय कुणी का उतरत नसे, हळद वर कशी काढायची. तुझ्या यादीत पेवाचं पान नाही, आणि पुस्तकाच्या बरोबर मध्ये मला तेच पान दिसतं. दोन्ही पानांवर पसरलेला काळा कोळसा, वर तोंडाएवढं गोल भोक कापलेलं आणि त्या भोकातून पलीकडच्या पानावरची हळद दिसते आहे. पोतं नाही, पट्टी नाही. कोळशावर फिक्सेटिव्ह (कोळसा कागदावर पक्का बसवणारा फवारा) मार, नाहीतर समोरचं पान काळं होईल.

बाकीचं सगळं प्रयोगवहीत कर. तिथं पसारा हवाच. मेणबत्तीनं रेघ ओढून वरून शाई फिरव, पोत्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलनं घासून त्याचा छाप घे (माक्स एर्न्स्टनं 1925 साली लाकडी फळ्यांचे असे छाप घेऊन त्यातून जंगलं उभी केली होती), हळदीत मीठ टाकून बघ. प्रत्येक तुकड्यामागे काय वापरलं, कोणत्या कागदावर, कधी, एवढं लिहून ठेव. परीक्षेला पुस्तकासोबत ही वहीही मांड.

प्रश्न : माझ्या मुलीला इंटरमिजिएट परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळाली. तिचा हात चांगला आहे. पण गेल्या काही महिन्यांपासून ती रंगवायचं सोडून कागद फाडून चिकटवत बसते. हे चित्रकलेत धरतात का? आणि कऱ्हाडसारख्या गावात राहून पुढे यातून पोट भरेल का? – एक पालक, कऱ्हाड

उत्तर : नक्कीच धरतात, आणि हे आपल्याकडे फार जुनं आहे. मराठी राजांच्या काळात भरभराटीला आलेली तंजावर चित्रं तुम्ही पाहिली असतील. लाकडी फळीवर कापड, त्यावर खडूची पूड आणि डिंक कालवून उठाव दिलेले दागिने, त्यात काचेचे खडे, वर सोन्याचा वर्ख आणि मग रंग. त्याला कुणी ‘मिश्र माध्यम’ म्हणत नव्हतं, एवढाच फरक. शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी पन्नाशी ओलांडल्यावर पूर्ण गेली, त्यानंतर त्यांनी कागद कापून, हातानं चाचपून, अतिशय देखणी कोलाज केली. कागद चिकटवणं म्हणजे हात न चालणाऱ्यांची सोय, असं मनात असेल तर ते काढून टाका.

तुमची मुलगी कागद कापत नाही, फाडते, हे तुम्ही लिहिलं आहे. मला ते मोलाचं वाटलं. कात्रीची कड आणि फाडलेली कड यांत फार अंतर असतं. रंगीत कागद फाडला की कडेला आतला पांढरा गर दिसतो, तो डोंगराच्या कडेवरच्या उजेडासारखा वापरता येतो. कागदाच्या तंतूंना दिशा असते. एका दिशेनं तो सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. तिला म्हणावं, गच्चीवरून आगाशिवचा डोंगर बघ आणि राखाडी कागदाचे चार-पाच थर फाडून तो कर, ब्रश न घेता. मग तोच डोंगर पेन्सिलनं काढ. दोन्ही चालू राहू देत. रेखाटन सुटलं तर कागद फाडणाऱ्या बोटांना काय फाडायचं ते कळेनासं होतं, एवढी एक काळजी जरूर घ्या.

पोटाचं म्हणाल तर पाठ्यपुस्तकं, मुलांची पुस्तकं, दिवाळी अंक, मालाची पाकिटं आणि खोकी, लग्नपत्रिका, शाळांच्या भिंती, अशी कामं असतात. सुरुवातीला मोबदला कमी असतो आणि तो चित्रागणिक ठरतो, महिन्याचा पगार नसतो. हे तिला आधीच माहीत असावं. गाव आड येत नाही. 1920 साली सुरू झालेलं ‘किर्लोस्कर’ मासिक आणि 1930 सालचं ‘स्त्री’ तुमच्याजवळच्या किर्लोस्करवाडीतूनच निघत आणि महाराष्ट्रभर वाचली जात. संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते. आता तर चित्र फाइल करून कुठूनही पाठवता येतं. बारावीनंतर कला महाविद्यालयाची सीईटी (प्रवेश परीक्षा) असते, तिची तयारी मात्र वर्षभर आधी सुरू करा.

प्रश्न : मी शाळेत चित्रकला शिकवतो. मुलांची कोलाज वाळली की पापडासारखी वळतात, पावसाळ्यात बुरशी येते, कपाटात ठेवली तर कसर लागते. शिवाय इथल्या रानातलं काही वापरून मुलांना प्रयोग देता येईल का? – एक शिक्षक, मेढा

उत्तर : सर, कागदाला एका बाजूनं ओला गोंद लागला की तो वाळताना त्या बाजूला ओढतो, म्हणून वळतो. दोन उपाय करा. फेव्हिकॉल थोडं पाणी घालून पातळ करा आणि खालच्या कागदाला न लावता चिकटवायच्या तुकड्याला लावा, कडांपर्यंत. आणि मूळ कागदाच्या मागच्या बाजूलाही तितकाच दुसरा कागद चिकटवा, म्हणजे दोन्हीकडची ओढ सारखी होते. मग बटर पेपरमध्ये घालून जाड पुस्तकांच्या वजनाखाली रात्रभर ठेवा. मुलांना पातळ ड्रॉइंग शीटऐवजी जुन्या वह्यांचे पुठ्ठे द्या, निम्मा प्रश्न तिथेच मिटेल.

कणकेची खळ मेढ्याच्या पावसात नको. बुरशी आणि कसर दोघांनाही ती आवडते. बाइंडर खळीत मोरचूद घालतात ते त्यासाठीच, पण मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती अजिबात द्यायचं नाही.

रानातलं म्हणाल तर तुमच्या जावळीत हिरडा आहे! त्याच्यासारखी गोष्ट नाही. वाळका हिरडा कुटून पाण्यात दोन दिवस भिजवा, गाळा. पिवळट तपकिरी पाणी मिळेल. त्यानं मुलांना कागद रंगवू द्या. दुसऱ्या एका बाटलीत गंजके खिळे व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, झाकण सैल ठेवून. त्या पाण्यात ब्रश बुडवून हिरड्याच्या वाळल्या कागदावर रेघ ओढली की रेघ काळी होते, मुलांच्या डोळ्यांदेखत. हिरड्यातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून तो काळा होतो. शाई म्हणून आणि कापडावर काळा रंग उठवण्यासाठी ही जोडी आपल्या देशात जुन्या काळापासून वापरात आहे. वर्गात हे करताना एक मिनिट सगळे गप्प होतात, मी ते पुष्कळदा पाहिलं आहे, आणि मग जी झुंबड उडते ती आवरायची तयारी ठेवा. लोखंडाचं पाणी जास्त झालं तर काही वर्षांनी कागद त्या रेघेवरच चिरतो, म्हणून बेतानं. ही चित्रं बाकीच्या चित्रांपासून वेगळी ठेवा.

प्रश्न : कोलाजमध्ये जरीचा धागा आणि सुतळी लावली आहे. स्कॅन केल्यावर जरीचा धागा काळा येतो आणि सुतळीभोवती घाण सावली पडते. मासिकांतून कापलेले फोटोही आहेत. हे काम पोर्टफोलिओत आणि पुढे छापायला चालेल का? – एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : स्कॅनर सपाट वस्तूसाठी असतो. त्याचा दिवा एका बाजूनं येतो, म्हणून उंच वस्तूची सावली पडते आणि चमकणारी जर काळी दिसते. हे चित्र कॅमेऱ्यानं काढ. चित्र सपाट ठेवायचं, कॅमेरा बरोबर समोर, आणि दोन सारखे दिवे दोन बाजूंनी तिरपे, पंचेचाळीस अंशांवर. दिव्यांपुढे ट्रेसिंग पेपर लावला तर सावली मऊ होते. थोडी सावली राहू दे, ती गेली तर सुतळी चिकटवल्याचा उपयोग काय? जरीची चमक छपाईत येणार नाहीच. चार रंगांच्या छपाईत सोनेरी म्हणजे पिवळसर तपकिरी. चमक हवी असेल तर सोनेरी शाईचा वेगळा खर्च करावा लागतो, तो प्रकाशकाला आधी विचारायचा. सपाट चित्रं मात्र स्कॅनच कर, त्याच मापात छापायची असतील तर 300 डीपीआयवर (म्हणजे एका इंचात 300 ठिपके), मोठी करायची असतील तर 600 वर.

मासिकातले फोटो सरावाला ठीक. छापायच्या कामात ते नकोत, कारण त्यांचा हक्क फोटोग्राफरचा किंवा मासिकाचा असतो. त्यांच्या जागी स्वतः काढलेले फोटो घाल. साताऱ्यात राजवाड्यासमोरच्या चौकात सकाळी तासभर उभा राहिलास तर कापायला पुरेसं सापडेल. ज्यांचे चेहरे नीट ओळखू येतात त्यांना मात्र विचारून घे.